दोन डाव्या बाह्यांचा वकील

मला दुकानात सगळे वकील म्हणतात. काळा कोट मी घालत नाही, शिवतो. तोही सगळा नाही, फक्त आतून. कोटाचं अस्तर हे माझं काम. म्हणजे गिऱ्हाईक कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवेल तेव्हा कुठं माझी कारागिरी जगाला दिसायची, आणि जग तेव्हा नेमकं हात धुवायला गेलेलं असतं. वकील हे नाव मला पडलं ते एका राजपुत्रापायी. हा राजपुत्र कधी जन्मला नाही, त्याचं राज्य कुठल्या नकाशात नाही, आणि त्याचा ड्रॅगन एका पायानं लंगडा आहे. त्याच्यासाठी मी जितका घसा कोरडा केला, तितका स्वतःच्या लग्नासाठी केला असता, तर आज माझ्याशीही घरात कुणीतरी हक्कानं भांडलं असतं.

दुकान मामांचं, माझ्या आईच्या भावाचं. लांबट खोली, पुढं काच, काचेत बिनडोक्याचा पुतळा. मधे मशिनी, कोपऱ्यात इस्त्री, आणि सगळ्यात मागं, खिडकीखाली, कापड बेतायचं टेबल. त्या टेबलावर मामांची कात्री. आमच्याकडं शिवणारे पुष्कळ, बेतणारा एकच, आणि त्यालाच मास्तर म्हणायचं. शिवलेलं उसवता येतं, कापलेलं कापड परत सांधून कुणी देत नाही. त्यामुळं मास्तर बोलेल तो दुकानात शेवटचा शब्द, मग तो पंख्याच्या वेगाबद्दल का असेना.

आई गेली तेव्हा मामांनी मला इथं आणलं. मामी तेव्हा कोटांची काजं करायची आणि त्यांची मुलगी पाळण्यात होती. तिला घरात छकुली म्हणायचे. तिचे आता केस पिकायला लागले, चष्मा लागला, गिऱ्हाइकांना दटावते, तरी छकुलीच. सुईत दोरा ओवायला तिला मी शिकवलं. ही गोष्ट मी दुकानात इतक्या वेळा ऐकवलीय, की मी नुसतं 'सुईत' म्हटलं की पलीकडून इस्त्रीवाला 'दोरा' म्हणतो.

दुपारची जेवणं झाली की आमच्याकडं मशिनी बंद. तो वेळ हातशिलाईचा. काजं, बटणं, दुमडी, अस्तराचे टाके. मामीची बोटं आखडली, सुई धरवेना, तेव्हा ती एक दिवस रडली आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयातून पुस्तक घेऊन आली. "हात गेले, तोंड शाबूत आहे," म्हणाली आणि मोठ्यानं वाचायला लागली. तेव्हापासून हातशिलाईच्या वेळी मामी वाचणार आणि आम्ही ऐकणार, असा रिवाज पडला. मामांनी त्यावर एकच नियम घातला. वाचन चालू असताना कात्रीला हात लावायचा नाही. "कान एकीकडं आणि कात्री एकीकडं, हे माझ्या टेबलावर चालायचं नाही," म्हणाले.

असं वाचता वाचता आम्ही त्या सात जाडजूड खंडांपाशी आलो. ड्रॅगन, धुकं, बोलणारे दगड, आणि एक म्हातारा राजा. तो मरतो. गादीला दावेदार दोन. एक राजाची मुलगी, अगदी कोवळी पोर. दुसरा राजाच्या बहिणीचा मुलगा, करड्या झग्यामुळं सगळे त्याला करडा म्हणतात. ह्या करड्यानं आयुष्यभर बर्फात उभं राहून सीमा सांभाळलेली. त्या राज्यात रीत अशी, की डोंगरावरच्या मनोऱ्यात जाऊन मुकुट डोक्यावर ठेवायचा. माणूस खरा वारस असेल तर मनोऱ्यातल्या घंटा आपोआप वाजतात. चौथ्या खंडात करडा वर चढतो, मुकुट घालतो, आणि घंटा वाजत नाहीत. एक कबुतर तेवढं उडतं. मग राजकन्या चढते आणि घंटा अशा वाजतात, की दरीत बर्फाचे कडे कोसळतात. करडा आपला लंगडा ड्रॅगन घेऊन खिंडीपलीकडं निघून जातो.

मामीनं 'एक कबुतर उडालं' असं वाचलं, आणि इस्त्रीवाला हसता हसता बाकावरून घसरला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"हसायला काय झालं?" मी म्हणालो. "थंडी किती होती ते ऐकलंस का? थंडीनं लोखंड आखडतं. घंटा वाजणार कशा?"

"मग राजकन्येच्या वेळी कशा वाजल्या?"

"ती नंतर गेली. तोवर ऊन पडलं होतं!"

"पुस्तकात ऊन कुठंय?"

"मामी, ऊन आहे का गं?"

मामीनं पान मागं-पुढं केलं. "थोडं ढगाळ आहे," ती म्हणाली.

"म्हणजे ऊन असणारच! ढग काय अंधारात दिसतात?"

त्या दिवसापासून मी वकील.

माझे मुद्दे बिनतोड होते, निदान मला तसं वाटायचं. घंटांना तेल घालायचं काम कुणाचं होतं? त्याला कुणी जाब विचारला का? करडा सीमेवर कुडकुडत होता तेव्हा ही राजकन्या काय करत होती? फुलं वेचत होती, दुसऱ्या खंडात अख्खं प्रकरण आहे!

"फुलं नव्हती रे दादा," छकुली काजातून मान वर न करता म्हणायची, "औषधाच्या मुळ्या होत्या."

"मुळ्यांच्या वर फुलंच येतात!"

आणि शेवटी माझी ठरलेली गर्जना, की तो परत येणार, सातव्या खंडात येणार आणि आपली गादी घेणार. आता बघा, बहिणीचा मुलगा वर्षानुवर्षं राबतो, आणि गादीवर हक्क मुलीचा निघतो. मी कुणाची केस लढवतोय, हे काचेतल्या बिनडोक्याच्या पुतळ्यालाही कळलं असेल. मला मात्र शपथेवर वाटायचं, की मी साहित्यावर बोलतोय.

पुढं मामांचा हात थरथरायला लागला. खडूची रेघ सरळ जाईना. कुणी बोलत नव्हतं, पण जो तो आधी टेबलाकडं बघायचा, मग माझ्याकडं, मग छकुलीकडं. मला ते टेबल हवं होतं. खोटं कशाला बोलू? सगळे जेवायला आत गेले असताना मी त्या टेबलामागं उभा राहून, हातात कात्री घेऊन, स्वतःला आरशात बघितलं होतं. 'मास्तर' अशी हाकही मारून बघितली. आवाजाला 'काय?' असं उत्तरही दिलं. छान वाटलं मला.

तशात एक बँडमास्तर कोट शिवायला आला. मागं शेपट्या असलेला, समारंभात पुढं उभं राहून हात हलवायचा कोट. कापड त्यानंच आणलेलं, लांबून कुठूनसं, एका अंगाला मऊ लव असलेलं, म्हणजे उलटं करून न चालणारं, आणि अगदी मोजकं. मामांनी ते माझ्यापुढं ठेवलं. "हा तू बेत," म्हणाले. "मग पुढचं बघू." पुढचं म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. छकुलीलाही कळलं, आणि ती टेबल पुसून मला मोकळं करून गेली.

एरवी आम्ही कापड दुमडून घालतो. एका कापण्यात दोन्ही बाह्या निघतात, डावी-उजवी जोडी आपोआप होते. हे कापड मोजकं म्हणून मी ते उलगडून एकेरी पसरलं. अशा वेळी एक बाही कापली, की पुठ्ठ्याचा नमुना पालथा घालायचा आणि मग दुसरी कापायची. आमच्याकडं कुणालाही झोपेतून उठवून विचारा, हेच सांगेल. अडचण एवढीच झाली की मी झोपेत नव्हतो, मी वकिली करत होतो.

जेवणं झाली तेव्हा एक बाही राहिली होती. मामा खुर्चीत डुलक्या घेत होते. मामीनं सातवा खंड उघडला. खरं तर मी तिथंच कात्री ठेवायला हवी होती. पण म्हटलं, एवढी एक बाही उरकून टाकू, होणाऱ्या मास्तरला कसले नियम! आणि नेमकं मामीनं वाचलं, की पहारेकऱ्याला खिंडीतल्या बर्फात पावलांचे ठसे दिसले, आणि त्यातला एक पाय लंगडा होता.

"आला!" मी ओरडलो. "काय सांगत होतो? आला की नाही?" मग कात्री चालवता चालवताच मी इस्त्रीवाल्याला असा काही झाडला, की विचारू नका. निष्ठा काय असते, सीमा सांभाळणं म्हणजे काय, हक्क कशाला म्हणतात, सगळं सांगितलं. पुढच्याच पानावर ते ठसे एका लंगड्या बकरीचे निघाले. पण तोवर माझी बाही कापून झाली होती.

बँडमास्तर अंगावर घालून बघायला आला, तेव्हा मी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. स्वतः कोट चढवला, स्वतः खांद्याला टाचण्यांनी बाह्या लावल्या. डावी झकास बसली. उजवी कोपरातून उलटी, मागच्या बाजूला वळली. बँडमास्तरनं आरशात बघितलं आणि सवयीप्रमाणं दोन्ही हात वर केले. एक हात बँडकडं गेला, दुसरा मागून कुणीतरी ओढल्यासारखा दिसायला लागला.

"हे असंच असतं का?" त्यानं विचारलं.

मी दोन डाव्या बाह्या कापल्या होत्या. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. कुणी हसलं नाही. इस्त्रीवालासुद्धा हसला नाही. तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं, मी त्याच्याशी भांडलो तरी असतो.

छकुली पुढं आली, टाचण्या काढल्या. "उजव्या बाहीचं काम अजून व्हायचंय," ती गिऱ्हाइकाला म्हणाली, "पुढच्या आठवड्यात या." मग उन्हातान्हात कापडाची दुकानं पालथी घालून तिनं तसल्या कापडाचा एक तुकडा पैदा केला, रंगानं जरासा गडद, आणि त्यातून उजवी बाही बेतली. बँडमास्तरला फरक आजतागायत कळलेला नाही, कारण त्याचा उजवा हात एका जागी थांबतच नाही.

मामांनी कात्री छकुलीच्या हातात दिली. माझ्यादेखत. मला म्हणाले, "अस्तर तूच लाव."

मला मिरच्या झोंबल्या. "अस्तराला दुसरा बघा," मी म्हणालो. "गावाबाहेर तयार कपड्यांचा कारखाना निघालाय, तिथं मला जागा आहे. मी चाललो."

"दादा, अरे..." छकुली म्हणाली. मी बँडमास्तरसारखा हात वर करून तिला गप्प केलं. मामीनं तेवढं विचारलं, "कधी जाणार?"

इथं बाणेदारपणे 'आत्ता' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "सातवा खंड संपला की."

आता बोला! माणूस जन्मभराचं घर सोडून निघालाय, आणि कशासाठी थांबलाय, तर ड्रॅगनच्या पुस्तकाचं शेवटचं पान ऐकायला. पण करड्याचं काय होतं ते कळल्याशिवाय माझा पाय उंबऱ्याबाहेर पडला नसता. तो आला तर मी बरोबर होतो, आणि मी बरोबर होतो तर दोन डाव्या बाह्यांनी काही बिघडत नव्हतं. अशी माझी अक्कल.

त्यानंतर मामीचं वाचन जे रेंगाळायला लागलं! दर पानाला पाणी काय प्यायची, चष्मा काय पुसायची. कालचं पान आज पुन्हा वाचायची. झाडाझुडपांची वर्णनं, जी आधी ती सरसकट गाळायची, ती आता पानंच्या पानं ऐकवायला लागली. मी चिडचिड केली, पण 'लवकर आटप' असं काही म्हणालो नाही. बँडमास्तरच्या कोटाला अस्तर लावत बसलो. म्हटलं, जाता जाता एवढं नीट करून जाऊ. करडा काही येत नव्हता, आणि मीही वकिली सोडली होती.

अखेर शेवटचं प्रकरण आलं. मामीनं त्या दिवशी पुस्तक तोंडासमोर चांगलं उंच धरलं होतं. तिनं वाचलं ते असं:

'राणी सिंहासनावर बसली होती. बाहेर बर्फ पडत होता. इतक्यात दारापाशी लंगडी पावलं वाजली. पहारेकऱ्यानं विचारलं, कोण आहे? बाहेरून उत्तर आलं, कुणी नाही, घरचाच आहे. राणी स्वतः उठली आणि तिनं दार उघडलं. म्हणाली, दादा, उशीर केलास. ताट कधीचं वाढून ठेवलंय. करडा म्हणाला, मी गादी मागायला आलेलो नाही. राणी म्हणाली, ते ठाऊक आहे. पण हा मुकुट डोक्याला फार टोचतो. याला आतून अस्तर लावायला हवं, आणि ते दुसऱ्या कुणाला जमत नाही.'

मामी जरा थांबली. "'आणि करडा राहिला,'" असं म्हणून तिनं पुस्तक मिटलं.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "जिंकलो!" मी ओरडलो. इस्त्रीवाल्यानं उठून माझा हात हातात घेतला. "वकीलसाहेब, मानलं तुम्हाला," म्हणाला. छकुली खाली मान घालून टेबलावरचा खडू पुसत होती, पुसून झालेला.

"मग?" मामा म्हणाले. "जातोस का राहतोस?"

"राहतो," मी म्हणालो. "करडा एवढा राजपुत्र असून राहतो, तर मी कोण टिकोजीराव लागून गेलोय?"

आता तुम्ही म्हणाल, मुकुटाला अस्तर? कुठल्या ड्रॅगनवाल्या लेखकाला मुकुटाला अस्तर लावायचं सुचेल? जन्मभर अस्तरं लावणाऱ्या माणसाला तरी शंका यायला नको? नाही आली. उलट मला वाटलं, वा, लेखकाला धंद्यातलं कळतं.

पुस्तक परत करायला मीच गेलो, मिरवत मिरवत. वाचनालयाच्या खिडकीशी रांग होती. म्हटलं, तेवढ्यात ते पान पुन्हा एकदा वाचावं. शेवटचं प्रकरण चाळलं. मग त्याच्या आधीचं. दार नव्हतं, ताट नव्हतं, अस्तर नव्हतं. करडा सापडला, तो बराच अलीकडं, एका फिरत्या व्यापाऱ्याच्या तोंडी. 'मीठ महागलंय, नदीवरचा पूल पडलाय, आणि तो करडा राजपुत्र खिंडीत गारठून मेला म्हणे.' संपलं! मिठानंतर आणि पुलानंतर, तेही 'म्हणे'. मामीनं हे वाक्य आम्हाला कधी ऐकवलंच नव्हतं.

"जमा करताय ना?" खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"जरा थांबा हो," मी म्हणालो, "इथं माणूस गेलाय."

परत येताना मी रस्ताभर धुमसत होतो. सगळ्या दुकानानं मिळून मला येडा बनवलं होतं. त्या इस्त्रीवाल्यानं तर हात हातात घेतला होता, नाटकी मेला! कारखान्यातली जागा अजून रिकामी होती, मला ठाऊक होतं. ठरवलं, सरळ जाऊन मामीला विचारायचं, कुठल्या पानावर होतं ते सांग, आणि तशीच पिशवी भरायची. तणतणत मागच्या खोलीत शिरलो. सगळ्यांची जेवणं होऊन गेली होती. मामी एकटीच भिंतीला टेकून बसली होती, आखडलेली बोटं मांडीवर ठेवून. मान वर न करता म्हणाली, "उशीर केलास. ताट कधीचं वाढून ठेवलंय."

मी हात धुतले आणि जेवायला बसलो. आई गेल्यापासून हे वाक्य मी रोज ऐकत आलोय. आणि एका राणीच्या तोंडी ऐकलं तर मला ओळखूसुद्धा आलं नव्हतं.

"पुस्तक जमा केलंस?" मामीनं विचारलं.

"केलं."

"बरं. आणखी वाढू?"

"वाढ," मी म्हणालो.

त्याला बरीच वर्षं झाली. छकुली मास्तर आहे, आणि माझ्यापेक्षा चांगली बेतते. हे मी तिला कधी बोललेलो नाही, तुम्हीही बोलू नका. मामा अजून खुर्चीत डुलक्या घेतात. मामीला मात्र आता अक्षरं दिसत नाहीत, तेव्हा वाचन माझ्याकडं आलं, वकिलाचा आवाज मोठा म्हणून. मामीनं सांगितलं, ते सातही खंड पुन्हा पहिल्यापासून लाव. लावले. चौथ्या खंडात मी पदरचं थोडं ऊन घातलं, तरी घंटा काही वाजल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात शेवटचं प्रकरण आलं. व्यापाऱ्याचं मीठ आणि पूल मी त्याआधीच वाचले होते, करडा गाळला होता. इस्त्रीवाला बाकावर नीट सरसावून बसला. छकुलीनं कात्री खाली ठेवली. मी पुस्तक तोंडासमोर उंच धरलं आणि पाठ होतं ते म्हणायला लागलो. बर्फ झाला, लंगडी पावलं झाली, घरचाच आहे झालं. राणीनं दार उघडलं, आणि तिथं माझा आवाजच बसला. म्हणून मी तेवढं ओलांडून पुढं गेलो, "'करडा म्हणाला, मी गादी मागायला...'"

"एक वाक्य गाळलंस," मामी म्हणाली.

मी चष्मा काढून पुसला, परत लावला. पानावर असलं काहीही छापलेलं नव्हतं, तरी ओळीओळीवरून बोट फिरवलं.

"हो की," मी म्हणालो. "हे काय, इथंच आहे." आणि वाचलं, "'दादा, उशीर केलास. ताट कधीचं वाढून ठेवलंय.'"

"हं," मामी म्हणाली. "ते गाळायचं नाही. वाच पुढं."